माझ्या कपाटातले कुमारजी

श्रावण लागला की स्मरणिकेच्या संपादकांचा निरोप येतो, काहीतरी लिहून द्या. या वेळी त्यांनी विषयही सुचवला : आपल्या आवडत्या कलावंताबद्दल लिहा. माझ्या बाबतीत हा प्रश्न फार अवघड नव्हता. आमच्या घरातल्या लाकडी कपाटाचा एक आख्खा कप्पा पंडित कुमार गंधर्वांनी अडवलेला आहे. वरच्या फळीवर एल.पी. रेकॉर्ड, मधल्या फळीवर कॅसेट, खाली सीडी. आता हे सगळं हातातल्या फोनवरही ऐकायला मिळतं, त्यामुळे तो कप्पा रिकामा करा असं घरातले लोक अधूनमधून सुचवत असतात. मी तिकडे दुर्लक्ष करतो.

सुरुवातीलाच सांगायला हवं की मी गाणं शिकलेलो नाही. स्वरलिपी मला वाचता येत नाही आणि तानेचे प्रकार मोजता येत नाहीत. मी साधा ऐकणारा. पण गेली चाळीसएक वर्षं एकाच गायकाच्या रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माणसाची काही मतं बनतात. ती बरोबरच असतील असा आग्रह नाही. मात्र त्यातलं एक मत आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहून गणपती बसवणाऱ्या मंडळींसाठी मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून हा लेख. ते मत असं की कुमारजींच्या रेकॉर्ड क्रमानं ऐकल्या, तर परक्या गावी जाऊन पडलेला माणूस त्या गावाचा कसा होतो, त्याची ती कहाणी आहे. आणि तसं होताना त्यानं आपलं मूळचं काहीच गमावलं नाही, हेही त्यात ऐकू येतं.

कुमारजींचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावचा. घरची भाषा कानडी. वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे होते. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी हा मुलगा एकदम गायलाच लागला, आणि गायला लागला तो रेकॉर्डवर ऐकलेलं गाणं. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या बुजुर्गांच्या रेकॉर्ड ऐकून तो त्या जशाच्या तशा, त्यांच्या लकबींसकट म्हणून दाखवायचा. त्या लहान वयातच एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचं नाव झालं. वडील त्याला गावोगाव घेऊन जात आणि लोक हा चमत्कार पाहायला गर्दी करत.

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यातली गंमत फारशी कोणी बोलून दाखवत नाही. त्या काळच्या रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. दोन तास गाणाऱ्या गवयाला आपलं सगळं गाणं तेवढ्यात बसवावं लागे. सुळेभावीच्या मुलाचं पहिलं शिक्षण या तीन मिनिटांवर झालं. थोडक्यात पुष्कळ सांगायचं, फापटपसारा ठेवायचा नाही, हे त्याच्या कानात तिथेच बसलं असावं असं मला वाटतं. पुढे आजारपणानं जेव्हा त्यांचा दम हिरावून घेतला, तेव्हा ही लहानपणीची शिदोरी त्यांच्या कामी आली.

१९३६ साली मुंबईच्या जिन्ना हॉलमध्ये भरलेल्या संगीत परिषदेत हा मुलगा गायला. तेव्हा त्याला बारा वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी त्याला प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या हाती सोपवण्यात आलं. देवधर मास्तर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण वृत्तीनं मोकळे. जिथे चांगलं गाणं असेल तिथे जाऊन ते घ्यायचं, मग ते कोणत्याही घराण्याचं असो, असा त्यांचा खाक्या. गिरगावातल्या त्यांच्या शाळेत त्या काळचे मोठमोठे गवई येऊन जात. नक्कल करणाऱ्या मुलाला त्यांनी एक एक स्वर समजून घ्यायला लावलं. अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारजींना विद्या मिळाली. विशी ओलांडेपर्यंत ते नावाजलेले गायक झाले होते आणि देवधरांच्याच शाळेत शिकवूही लागले होते. तिथे शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली त्यांचं लग्न झालं.

आणि लगेचच क्षयाचं निदान झालं. त्या काळी क्षय म्हणजे काय ते आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. गायकाला क्षय म्हणजे तर फुफ्फुसावरच घाला. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेच्या ठिकाणी जाणं भाग होतं. १९४८ च्या सुरुवातीला हे जोडपं माळव्यात, देवासला येऊन राहिलं. देवास म्हणजे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचं, एकाच गावात दोन गाद्या असलेलं संस्थान. मराठी तिथे अगदीच परकी नव्हती. उस्ताद रजब अली खाँसाहेबांसारखा दिग्गज गवईही त्याच गावात राहत होता. तरी मुंबईच्या मैफली गाजवणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाला ते गाव म्हणजे एका परीनं वनवासच. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. भानुमतीबाईंनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली आणि घर व आजारी नवरा दोन्ही सांभाळले. कुमारजींच्या गाण्यावर प्रेम करणाऱ्यांनी या बाईंचं ऋण कधी विसरू नये.

ही जवळजवळ पाच वर्षं कुमारजी पडून होते. या काळातली त्यांची एकही रेकॉर्ड नाही, असणारच नाही. पण माझ्या मते त्यांच्या पुढच्या प्रत्येक रेकॉर्डचा पाया याच मुक्या वर्षांत घातला गेला. गाता येत नव्हतं, ऐकता येत होतं. खिडकीबाहेरून बाजाराला जाणाऱ्या बायका गात जात. लग्नाची, जन्माची, पावसाची, सणाची गाणी कानावर पडत. दारावर येणारे नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत. शीलनाथ महाराजांच्या धुनीचं हे गाव, तिथे या भजनांची परंपराच होती. मुंबईचा एखादा तयार गवई हे सगळं खेडवळ म्हणून सोडून देता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. कुमारजींनी ते कान देऊन ऐकलं, लिहून घेतलं, शेकडो गाणी जमवली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती आल्यावर ते बरे झाले आणि १९५३ पासून पुन्हा गाऊ लागले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. गाणारा माणूस मात्र पूर्वीचा राहिला नव्हता.

आता कपाट उघडतो.

पहिली कॅसेट काढतो ती माळव्याच्या लोकधुनांची. नवीन ऐकणाऱ्यांना मी नेहमी इथून सुरुवात करायला सांगतो. ही गाणी चार-पाच स्वरांत फिरतात. घरकाम करता करता म्हणायची गाणी, त्यात कसरत कुठून असणार! कुमारजी ती नटवत नाहीत. शास्त्रीय गायक लोकगीत गायला बसला की त्यात दोन ताना टाकून आपण कोण ते दाखवतो, हा अनुभव आपल्याला आहे. इथे तसं काही नाही. त्या बायकांच्या गाण्यातला हेल, त्यातलं मध्येच थांबणं, ओळीच्या शेवटी आवाज सोडून देणं, सगळं तसंच. तरी ऐकताना कळतं की गाणारा या धुनेत आणखी काहीतरी शोधतो आहे. राग हे लोकांच्या धुनांतूनच उगवले असले पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात इथूनच पक्का झाला. या धुनांतून त्यांनी स्वतः नवे राग बांधले आणि त्यांना धुनउगम राग म्हटलं. अहिमोहिनी, मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, संजारी, मधसुरजा ही त्यातली काही नावं. १९६५ साली अनुपरागविलास या ग्रंथात त्यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. आपलं धन कुलुपात ठेवणाऱ्या पिढीत ही गोष्ट साधी नव्हती.

त्यानंतर रागदारीच्या एल.पी. यांच्याबद्दल आमच्या मित्रमंडळींत कायम वाद होतो. जुन्या वळणाचे रसिक म्हणतात की यात आलापाचा विस्तार कुठे आहे, विलंबित ख्याल पायरी पायरीनं चढवत नेणं कुठे आहे? प्रश्न खरा आहे. कुमारजी लांब पल्ल्याची आलापी फारशी करत नाहीत. त्यांचा स्वर अचानक येतो, लखकन चमकतो आणि थांबतो. मग मध्ये शांतता. मग आणखी एक छोटा तुकडा. अनेकांनी याला आजाराची मर्यादा म्हटलं. मला ते पटत नाही. मर्यादा होतीच, पण तिच्यामुळे जे सुचलं ते नुसत्या मर्यादेतून सुचत नाही. दम कमी असलेला गायक वाक्यं तोडतो, तेव्हा ती तुटलेली ऐकू येतात. कुमारजींची वाक्यं लहान आहेत, पण पूर्ण आहेत. आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तंबोरे बोलतात. त्यांचे तंबोरे जुळवणं ही स्वतंत्र मैफल असे असं जाणकार सांगतात. रेकॉर्डवर ते जुळवणं ऐकू येत नाही, त्याचं फळ ऐकू येतं. माझी सूचना एवढीच की एकदा गाण्याकडे लक्ष न देता फक्त तंबोऱ्यांकडे लक्ष देऊन एक बाजू ऐका. कुमारजी कुठे थांबतात आणि का थांबतात ते आपोआप कळेल. वसंतराव आचरेकरांचा तबला आणि गोविंदराव पटवर्धनांची पेटी ज्या ध्वनिमुद्रणांत आहे, तिथे तर साथीदारही या शांततेचा मान राखतात.

या रागांत मला सर्वांत जवळचा राग मधसुरजा. त्यातल्या बंदिशीची गोष्ट सांगतो. देवासला गावाच्या डोक्यावर देवीची टेकडी आहे आणि कुमारजींचं घर त्या टेकडीच्या पायथ्याशी. देवीला बकरे बळी देण्याची चाल होती. त्या बंदिशीत बळी जाणारी बकरीच देवीची करुणा भाकते आहे, कारण घरी तिचं पिलू एकटं तिची वाट पाहतं आहे. ख्यालाच्या बंदिशी म्हणजे बहुधा सासू, नणंद, पैंजण आणि परदेशी गेलेला प्रियकर. त्या जगात एका मुक्या जनावराला दोन ओळींची जागा मिळाली, ती दाराबाहेर काय चाललंय ते पाहणाऱ्या माणसामुळे. रागाचं नावही माध्यान्हीच्या सूर्यावरून आलेलं. भर दुपारच्या उन्हाचा तो राग ऐकताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

यानंतरची फळी भजनांची. त्रिवेणी ही कबीर, सूरदास आणि मीरा यांच्या पदांची रेकॉर्ड माझ्याकडची सर्वांत झिजलेली रेकॉर्ड आहे. आपल्याकडे भजन म्हटलं की टाळ, मृदंग आणि गजर. ते सुख वेगळंच, त्याला तोड नाही. कुमारजींचं कबीराचं भजन मात्र एकट्या माणसाचं आहे. शब्द ते जोरानं फेकतात आणि लगेच मोकळे सोडून देतात, जसा एखादा जोगी भर रस्त्यात हाक देऊन पुढे निघून जातो. देह सोडून एकट्यानं उडणाऱ्या हंसाचं त्यांचं भजन तर घराघरांत पोहोचलं, कित्येकांच्या अंत्यसमयी वाजलं. मृत्यूच्या दारात पाच वर्षं काढलेल्या माणसानं ते गायलं आहे, हे आठवलं की त्यातला निर्भयपणा जास्त कळतो. त्या भजनात कुठेही रडणं नाही. ज्यांना कबीराचं शहाणपण हवं पण व्याख्यान नको, त्यांनी ही रेकॉर्ड ऐकावी.

इथे वसुंधराताईंबद्दल लिहिलंच पाहिजे. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. ज्या बाईनं मरणाच्या दारातून नवऱ्याला परत आणलं, तीच अशी अचानक गेली. पुढच्या वर्षी कुमारजींनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं. वसुंधराताईंचा जन्म जमशेदपूरचा, बालपण कलकत्त्यात गेलेलं. म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलगी. गाणं शिकायला त्या मुंबईला आल्या होत्या. भजनांच्या ध्वनिमुद्रणांत मागून येणारा त्यांचा आवाज अनेकदा लोकांच्या ध्यानातच येत नाही. पण कुमारजी जिथे ओळ सोडतात, तिथे ती त्या अलगद उचलतात. त्यांचा आवाज काढून टाकला, तर ती भजनं पोरकी होतील. त्या स्वतः उत्तम गायिका होत्या आणि २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये त्या गेल्या.

कुमारजींच्या कामातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांचे एका विषयाला वाहिलेले कार्यक्रम. गीत वर्षा, गीत हेमंत, गीत वसंत, तसेच ठुमरी-टप्पा-तराणा, सूरदास, तुलसीदास, तुकाराम यांच्यावरचे कार्यक्रम. यांतल्या पुष्कळांची ध्वनिमुद्रणं आज मिळतात. गीत वर्षामध्ये मल्हाराचे प्रकार आणि माळव्यातली पावसाची गाणी शेजारी शेजारी बसलेली आहेत. दरबारात वाढलेला मल्हार आणि शेताच्या बांधावरचं गाणं, दोघंही एकाच पावसात भिजतात. क्रम विचारानं लावलेला आहे, आणि तो मोडला की अर्थ बदलतो. म्हणूनच निवडक कुमार गंधर्व छापाच्या कॅसेट आणि सीडींबद्दल माझी कायमची तक्रार आहे. कुठली तरी चार भजनं, एक नाट्यगीत आणि एक राग एकत्र बांधून विकायचा. आता फोनवर तर यंत्रच पुढचं गाणं ठरवतं. माझी विनंती आहे की निदान गीत वर्षा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐका. तासाभराचा प्रश्न आहे, आणि तो तास पावसाळ्यात काढावा.

आता मराठी रेकॉर्ड. आपल्या मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमात ऋणानुबंधाच्या हे द्वंद्वगीत म्हटलं गेलं नाही असं वर्ष मला आठवत नाही. बाळ कोल्हटकरांच्या देव दीनाघरी धावला या नाटकातलं हे गाणं वसंत देसाईंच्या चालीवर कुमारजी आणि वाणी जयराम यांनी गायलं. एक कानडी मुलूखातला, एक तमिळ घरातली, आणि गाणं इतकं मराठी की लग्नापासून निरोपसमारंभापर्यंत सगळीकडे चालतं. पण कुमारजींची ओळख तेवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. तांबे गीत रजनी ऐका. राजकवी भा. रा. तांबे यांचा जन्म मुंगावलीचा आणि शेवट ग्वाल्हेरला झाला. मराठी कवितेतला हा मोठा आवाज मध्य भारतातला. त्यांची कविता कुमारजींनी भावगीतासारखी गोड गोड केली नाही. तिच्यातला एकेक शब्द ते उजेडात धरून पाहतात. कवी अनिलांची रुसव्याची कविताही त्यांनी स्वतः चाल लावून अशीच गायली आहे. घरातलं भांडण एवढ्या हळुवारपणे गायलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

सर्वांत जास्त वाद झाला तो मला उमजलेले बालगंधर्व या कार्यक्रमावरून आणि त्याच नावाच्या रेकॉर्डवरून. बालगंधर्व म्हणजे मराठी माणसाचं देव्हाऱ्यातलं दैवत. त्यांची पदं गाणाऱ्यानं त्यांच्यासारखीच गावीत, अशी अपेक्षा. बालगंधर्वांना रंगभूमीवर पाहिलेल्या माझ्या मामांना ही रेकॉर्ड अजिबात खपत नसे. ती लागली की ते उठून बाल्कनीत जात. मला ही रेकॉर्ड फार मोलाची वाटते, आणि त्याचं कारण तिच्या नावातच आहे. उमजलेले हा शब्द पाहा. ज्या माणसाला सातव्या वर्षी कोणाचीही हुबेहूब नक्कल करता येत होती, त्यानं ठरवलं असतं तर बालगंधर्वांचा आवाजही काढून दाखवला असता आणि टाळ्यांचा कडकडाट झाला असता. त्यानं ते टाळलं. बालगंधर्वांनी लय कुठे राखली, शब्द कसा वागवला, पदाला मैफलीत न नेता पद म्हणूनच कसं खुलवलं, हे त्याला जेवढं समजलं तेवढंच त्यानं स्वतःच्या आवाजात मांडलं. आदर दाखवण्याची ही रीत मला जास्त प्रामाणिक वाटते. मामांशी मात्र यावर शेवटपर्यंत जमलं नाही.

सगळंच आवडतं असं म्हणणारा चाहता खोटा असतो, म्हणून हेही सांगतो. ठुमरी-टप्पा-तराणा मी क्वचितच काढतो. ठुमरीत मला जो पुरबी ओलावा आणि थोडी लाडीगोडी हवी असते, ती तिथे मिळत नाही. कुमारजी ठुमरीलाही प्रश्न विचारत बसतात. त्यांच्या पश्चात खासगी मैफलींची बरीच ध्वनिमुद्रणं बाहेर आली. त्यात काही अप्रतिम आहेत, पण काहींत आवाज दूरचा आणि खोकल्यांची साथ जवळची. अभ्यास करणाऱ्यांनी ती जरूर ऐकावीत. ज्याला पहिल्यांदाच कुमारजी ऐकायचे आहेत, त्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कुमारजींना १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण मिळालं. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीसाठी त्यांनी गांधी मल्हार बांधला होता. इंदूरचे रामूभैय्या दाते, संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, अशा मित्रांचा गोतावळा त्यांना माळव्यात मिळाला. बरे झाल्यावर मुंबई-पुण्याला परत जाणं त्यांना सहज शक्य होतं. मैफली तिथे, रसिक तिथे, रेकॉर्ड काढणारे तिथे. पण गाऊन झालं की ते देवासला परत येत. १२ जानेवारी १९९२ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश हे त्यांच्या मागे गाणं घेऊन उभे राहिले. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तेव्हा कर्नाटक, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश तिघांनीही त्यांना आपलं म्हटलं. तिघांचंही खरं होतं.

मला यातून जे वाटतं ते सांगून थांबतो. आपण पोटापाण्यासाठी या मुलखात आलो. कोणी तीस वर्षांपूर्वी, कोणाचे आजोबा त्याही आधी. आपण इथे मोठ्या निष्ठेनं गणपती बसवतो, आरत्या म्हणतो, उकडीचे मोदक करतो, नाटक बसवतो. मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून धडपडतो. हे झालंच पाहिजे. पण आपल्या मांडवाच्या बाहेर, पलीकडच्या गल्लीत, इथल्या बायका पावसाळ्यात काय गातात हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इथले लोक रात्री ओट्यावर बसून कोणती भजनं म्हणतात? कुमारजींनी शेजारच्यांचं गाणं मन लावून ऐकलं म्हणून त्यांचे बालगंधर्व दुबळे झाले नाहीत, तुकोबा दूर गेले नाहीत, सुळेभावीचा मुलगाही हरवला नाही. उलट देवासच्या त्या खिडकीतून जे आत आलं, त्यानं त्यांचं सगळंच गाणं भरलं.

तेव्हा कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. दहा दिवसांच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ इथल्या स्थानिक गायक मंडळींसाठी राखून ठेवावी. ढोलकवाले, भजनवाले, लग्नात गाणाऱ्या आजीबाई, ज्यांना यावंसं वाटेल त्यांना मानानं बोलवावं. त्यांनी गावं, आपण समोर बसून ऐकावं, आणि नंतर सगळ्यांनी मिळून प्रसाद घ्यावा. खर्च फार येणार नाही. सतरंज्या आपल्याकडे आहेतच आणि माइकचं मी पाहतो.

ज्यांना कुमारजींच्या रेकॉर्ड ऐकायच्या असतील, त्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी यावं. क्रम मी सांगितला तोच ठेवू : आधी माळव्याच्या लोकधुना, मग मधसुरजा, मग त्रिवेणी, मग गीत वर्षा, आणि शेवटी बालगंधर्व. चहा आमच्याकडून. रेकॉर्ड मात्र घरी न्यायला मिळणार नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!